मत म्हणजे साक्ष

मी उर्दू शाळेत शिक्षक आहे. निवडणूक जाहीर झाली की आम्हा शिक्षकांची ड्युटी ठरलेलीच. काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीत माझ्याकडे बोटाला शाई लावण्याचे काम होते. जोहरच्या नमाजची वेळ जवळ आलेली. रांगेतून एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. डोक्यावर टोपी, हातात मतदार चिठ्ठी. मी बोट धरायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला आणि हळूच विचारले, "मास्टरसाब, ये स्याही लगाए तो वुजू होता ना?"

मी म्हणालो, "मेहंदी जैसाच है चचा. रंग चढता, परत नहीं चढती. पानी चमडे तक जाता."

त्यांचे समाधान झाले. बोट पुढे आले, शाई लागली, बटण दाबून ते थेट मशिदीकडे गेले.

त्या दिवशी त्या चचांनी मत दिले, मी दिले नाही. निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांना टपालाने मत देता येते. त्याचा अर्ज प्रशिक्षणाच्या वेळी माझ्या हातात आला होता. 'उद्या भरू' म्हणून तो मी पिशवीत ठेवला आणि तो पिशवीतच राहिला. रात्री घरी आलो तर मुलगी प्रत्येकाचे बोट बघत होती. आजीचे पाहिले, आईचे पाहिले, मग माझा हात हातात घेतला. "अब्बू, आपने तो सबको लगाई. आपकी कहाँ है?"

मला उत्तर देता आले नाही. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणारा मी, दिवसभर शेकडो लोकांच्या बोटांना शाई लावून स्वतः कोरडा परतलो होतो. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. ही शाई आपल्यापर्यंत कशी आली आणि श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, हे आज मांडायचे आहे.

मक्का आणि मदीना

आपल्याकडे काही लोक म्हणतात की मतदान ही पश्चिमेकडून आलेली गोष्ट आहे, तिचा दीनशी संबंध नाही. त्यांनी अकबाची दुसरी बैअत आठवावी. इसवी सन ६२२. मदीनेहून (तेव्हाच्या यसरिबहून) आलेले लोक मक्केजवळच्या अकबा येथे रात्रीच्या वेळी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना भेटले. त्यांत ७३ पुरुष आणि दोन स्त्रिया होत्या. बैअत झाल्यावर प्रेषितांनी स्वतः त्यांच्यावर कोणी प्रमुख नेमला नाही. तुमच्यातून बारा जण तुम्हीच निवडून द्या, असे त्यांनी सांगितले. लोकांनी खजरज कबिल्यातून नऊ आणि औस कबिल्यातून तीन नकीब निवडले. नकीब म्हणजे आपल्या लोकांच्या वतीने बोलणारा आणि त्यांच्यासाठी जबाबदार असणारा माणूस.

दुसरा प्रसंग इसवी सन ६४४ चा. हजरत उमर (रजि.) यांच्यावर फजरच्या नमाजमध्ये प्राणघातक हल्ला झाला. जखमी अवस्थेत त्यांनी पुढचा खलीफा ठरवण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. आपला मुलगा अब्दुल्लाह याला सल्ल्यात भाग घेता येईल, पण खलीफापदासाठी त्याचा विचार करायचा नाही, अशी अट त्यांनी घातली. समितीतल्या अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी स्वतःची दावेदारी सोडली आणि मदीनेत फिरून लोकांचे म्हणणे ऐकले. पडद्यातल्या स्त्रियांनाही त्यांनी विचारले, असे मुस्लिम इतिहासकारांनी नोंदवले आहे.

याला आजच्या अर्थाने निवडणूक म्हणता येणार नाही. मतदारयादी नव्हती, मतपेटी नव्हती, प्रत्येक माणसाला विचारलेही गेले नव्हते. ही पद्धत फार काळ टिकलीही नाही. इसवी सन ६६१ मध्ये उमय्या घराण्याची सत्ता आली आणि खिलाफत बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. म्हणून 'आमच्याकडे सगळे आधीच होते' असे म्हणण्यात अर्थ नाही. पण सत्ता ही घराण्याची मालमत्ता नाही आणि ती लोकांना विचारून सोपवायची असते, ही गोष्ट आपल्या परंपरेच्या अगदी सुरुवातीला आहे, एवढे निश्चित. नंतर ती आपण हरवली. घराणेशाही जेव्हा आपल्याला खटकत नाही, तेव्हा आपण हजरत उमर यांच्यापासून किती दूर आलो हे लक्षात यावे.

मत कोणाला होते?

आता आपल्या देशाकडे येऊ. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगा खान यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. मुसलमानांचे प्रतिनिधी मुसलमानांनीच निवडावेत, ही त्यांची मागणी होती. १९०९ च्या कायद्याने ती मान्य झाली. स्वतंत्र मतदारसंघ आले. मुस्लिम मतदार मुस्लिम उमेदवाराला मत देणार, इतरांशी त्याचा संबंध नाही.

हे शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो : तेव्हाचा 'मुस्लिम मतदार' म्हणजे कोण? तो जमीनदार होता, कर भरणारा होता, पदवीधर होता. विणकर, कसाई, पिंजारी, बागवान, शेतमजूर यांचे नाव यादीत नव्हते. १९१९ च्या कायद्याने मतदार वाढले, पण संपत्तीची अट राहिली. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला, तोही त्याच अटींवर. १९३५ च्या कायद्यानंतर झालेल्या १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत सुमारे ३ कोटी लोक मतदार होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १४ टक्के.

१९४५-४६ च्या निवडणुकाही अशाच मर्यादित मताधिकारावर झाल्या. मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांसाठी राखीव असलेल्या सर्व ३० जागा मुस्लिम लीगने जिंकल्या, प्रांतांतही बहुतेक मुस्लिम जागा तिला मिळाल्या. त्या निकालावरून 'मुसलमानांनी पाकिस्तान मागितले' असे आजही सांगितले जाते. लीगला मते मिळाली हे खरे आहे, ते झाकण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या नावाने हा कौल सांगितला जातो, त्यांतल्या बहुसंख्य गरिबांना मतच नव्हते, हेही तितकेच खरे आहे. कौल थोड्यांनी दिला आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. ज्याला मत नसते त्याच्या नावावर दुसरेच कोणी बोलून जाते, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

सगळ्या प्रौढांना मत मिळावे असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकार आणि संयुक्त मतदारसंघ यांचा पुरस्कार केला. निरक्षराला मत कशाला, हा प्रश्न त्या काळी शहाण्या माणसांनाही पडत असे. बाबासाहेबांना तो पडला नाही, कारण ज्याला कायदा चिरडतो त्यालाच कायदा करणारा निवडण्याची सर्वाधिक गरज असते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

घटना समितीतला निर्णय

ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीची आग पेटलेली असताना, घटना समितीत स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न आला. मद्रासचे बी. पोकर साहेब यांनी ते चालू ठेवावेत अशी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा ठेवण्याचे मात्र तेव्हा ठरले होते. पुढे मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागाही रद्द झाल्या. घटना समितीतल्या एकमेव मुस्लिम स्त्री सदस्य बेगम एजाज रसूल यांनी या निर्णयाला पाठिंबा दिला. राखीव जागांमुळे अल्पसंख्याक बहुसंख्याकांपासून कायमचे वेगळे पडतील, असे त्यांचे मत होते. मद्रासचे मुहम्मद इस्माईल यांनी विरोध केला. दोघेही श्रद्धावंत होते, दोघांनाही समाजाची काळजी होती. दीन एक असला की राजकीय मतही एकच असले पाहिजे, असे नसते, हे त्या दिवशीही दिसले.

राज्यघटनेच्या कलम ३२५ नुसार धर्म, वंश, जात किंवा लिंग यांमुळे कोणाचे नाव मतदारयादीतून वगळता येत नाही, आणि या कारणांवरून वेगळी यादीही करता येत नाही. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती, १९८९ पासून ती १८ झाली. इमाम, पुजारी, कारखानदार आणि हमाल एकाच यादीत आले. नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला ही रांग परकी वाटू नये.

संयुक्त मतदारसंघांमुळे काय घडले याची दोन उदाहरणे देतो. १९५७ मध्ये मौलाना आझाद गुडगावमधून लोकसभेवर निवडून आले. फाळणीची झळ सोसलेल्या त्या भागाने एका आलिमला संसदेत पाठवले. आणि आपल्या महाराष्ट्रात १९८० मध्ये कोकणातल्या श्रीवर्धनशी नाते असलेले बॅ. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल मते वेगळी असू शकतात. पण केवळ मुसलमानांच्या मतांवर यांतले काहीच घडले नसते. हेही मान्य केले पाहिजे की लोकसंख्येच्या मानाने कायदेमंडळांत मुसलमानांची संख्या नेहमीच कमी राहिली आहे. ती तक्रार खोटी नाही. तिचा उपाय मात्र घरी बसणे हा नाही.

रियासतीतून रांगेत

माझे घराणे मराठवाड्यातले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आम्ही तिथे 'रिआया' होतो, म्हणजे प्रजा. राजा मुसलमान होता म्हणून गरीब मुसलमानाला काही मत नव्हते. राज्यकर्त्याचा आणि आपला धर्म एक असणे वेगळे आणि राज्यात आपला वाटा असणे वेगळे, हे माझे दादा शेवटपर्यंत सांगत.

लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगावच्या हिंदूंवर आणि विरोध करणाऱ्या मुसलमानांवरही अत्याचार केले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आले, १७ तारखेला संस्थान शरण आले. त्यानंतरच्या दिवसांत अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. दोन्ही गोष्टी घडल्या. एक सांगून दुसरी लपवणे ही खोटी साक्ष होईल.

आमच्या घरच्यांना गावातल्या एका शेतकऱ्याने कडब्याच्या गंजीमागे लपवले होते. काही महिने ते परगावी राहिले, मग परतले. आणि चारच वर्षांत, १९५२ साली, दादा आणि दादी मतदानाच्या रांगेत उभे राहिले. ज्याने लपवले तो शेतकरी त्याच रांगेत होता. निझाम उस्मान अली खान तेव्हा राजप्रमुख होते. त्यांनाही एकच मत होते आणि आमच्या दादांनाही एकच. दादी म्हणायची, "डर तो था. मगर नाम पुकारा तो जाना पडा." तिच्या दृष्टीने यादीतून नाव पुकारले जाणे म्हणजे 'तू इथलीच आहेस' असे सरकारने सगळ्यांसमोर म्हणणे होते. १९४८ नंतर तिला या वाक्याची किती गरज होती, हे मला फार उशिरा कळले.

नावाची गोष्ट

२५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झालेली ती पहिली सार्वत्रिक निवडणूक म्हणजे मोठेच काम होते. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. म्हणून उमेदवारांना चिन्हे दिली आणि प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवली. पडदानशीन स्त्रियांची सोय म्हणून हजारो केंद्रे फक्त स्त्रियांसाठी होती.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक वेगळीच अडचण आली. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहून घ्या, म्हणाल्या. सेन यांनी ते मान्य केले नाही. नाव सांगणार नाही त्या स्त्रीची नोंद नाही. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रिया त्या निवडणुकीत मताला मुकल्या. निर्णय कठोर वाटला, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत लाखो स्त्रिया आपापल्या नावाने यादीत आल्या.

मुसलमान म्हणून मला इथे एक गोष्ट आठवते. आपल्या निकाहमध्ये वधूची संमती तिचे नाव घेऊन विचारली जाते, मेहर तिच्या नावाने ठरतो. सूरह मुम्तहिनामध्ये स्त्रियांच्या स्वतंत्र बैअतचा उल्लेख आहे. ती त्यांनी स्वतः दिली, नवऱ्यामार्फत दिली नाही. मग घरातल्या पुरुषाने 'सगळ्यांनी अमुक बटण दाबा' असा हुकूम सोडणे कुठून आले? बाईची साक्ष तिची स्वतःची आहे. ती तिला देऊ द्यावी.

साक्ष आणि अमानत

आता मूळ मुद्दा. मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या उलेमांनी मताचे तीन अर्थ सांगितले आहेत. मत म्हणजे शहादत, अर्थात हा माणूस या कामाला लायक आहे अशी साक्ष. मत म्हणजे सिफारस. आणि मत म्हणजे वकालत, म्हणजे आपल्या आणि सगळ्या समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याला देणे. हे तिन्ही अर्थ मनात धरले की बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

'माझ्या एका मताने काय होणार?' साक्षीदार कोर्टात जाताना निकाल आपल्या बाजूने लागेल की नाही याचा हिशेब करत नाही. माहीत असलेली साक्ष लपवू नये, हा सूरह बकरहचा आदेश आहे. निकाल अल्लाहच्या हाती, साक्ष आपल्या हाती.

'पाचशे रुपये घेतले, पण मत मनाप्रमाणेच दिले.' लाच देणारा आणि घेणारा, दोघांचाही प्रेषितांनी (सल्ल.) धिक्कार केला आहे. देशाच्या कायद्यातही दोघे गुन्हेगार आहेत. साक्षीसाठी घेतलेला पैसा हलाल कसा होईल?

'आपला माणूस आहे, आपल्या जमातीचा आहे.' इथे सूरह निसाच्या दोन आयती समोर ठेवाव्यात. ५८ व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा आहे. मक्का विजयानंतर काबागृहाची किल्ली परंपरेने ती सांभाळणाऱ्या उस्मान बिन तल्हा यांनाच परत दिली गेली, त्या प्रसंगाशी भाष्यकार ही आयत जोडतात. नात्यातले लोक किल्ली मागत असतानाही ती ज्याची होती त्याला मिळाली. आणि १३५ वी आयत सांगते की न्यायाची साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी ती द्यावी. म्हणजे नालायक मुसलमानापेक्षा लायक हिंदूला मत देणे हा दीनशी द्रोह नाही, दीनचेच पालन आहे. आणि लायक मुसलमानाला केवळ तो मुसलमान आहे म्हणून नाकारणे हा त्याच न्यायाचा भंग आहे.

आपला कायदाही इथे आपल्यासोबत आहे. धर्माच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार भ्रष्ट आचार आहे. मुंबईतल्या सांताक्रूझच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केले की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या आधारेही मत मागता येणार नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री फिरणारी 'कौम का फैसला' अशी पत्रके मला म्हणूनच बरी वाटत नाहीत, ती कोणत्याही कौमची असोत. कौम साक्ष देत नाही, माणूस देतो. हशरच्या मैदानात हिशेबही एकेकाचाच होणार आहे.

राहिले माझे बोट. पुढच्या निवडणुकीत प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, चहा येण्याआधी, मी टपाली मताचा अर्ज भरला. टपालाने मत देणाऱ्याच्या बोटाला शाई लागत नाही, म्हणून मुलीला दाखवायला तेव्हाही माझ्याकडे काही नव्हते. तिला नुसते सांगितले, "बेटा, इस बार दे दिया." तिने विश्वास ठेवला. यंदा ती अठरा वर्षांची झाली. यादीत नाव घालण्याचा अर्ज तिने स्वतः भरला आणि नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले.

अल्लाह आपल्या सर्वांना साक्ष लपवणाऱ्यांतून वाचवो आणि अमानत ज्याची त्याला देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.